गोब्रेख्ट डॉलर, 1836 : नमुना की चलनी नाणं?

रुपेरी (न्यू जर्सी)

मंडळी, अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो डॉलर गेल्या शुक्रवारी घरी आला. 1836 सालचा, फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतला, ख्रिश्चन गोब्रेख्टने कोरलेला. पाच आकडी डॉलर मोजावे लागले. त्यासाठी वीसेक वर्षं जमवलेली मॉर्गन डॉलरांची मालिका विकली. विकताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

नाणं कोरंकरकरीत नाही, चांगलंच हाताळलेलं आहे. छाप्याच्या बाजूला खडकावर बसलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, एका हातात टोपी लावलेली काठी, दुसरा हात ढालीवर. तिचा गुडघा आणि मांडी घासून सपाट झाली आहे. आजूबाजूला एकही तारा नाही, एकही अक्षर नाही. खाली वर्ष आणि बैठकीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘सी. गोब्रेख्ट एफ.’, बस. ‘एफ.’ म्हणजे लॅटिन ‘फेकिट’, अर्थात ‘याने घडवलं’. मागच्या बाजूला आकाशात झेपावलेला गरुड आणि त्याच्या भोवती 26 तारे, 13 मोठे, 13 लहान. तेव्हा राज्यं 25 होती, मिशिगन यायचं होतं. ते 1837च्या जानेवारीत आलं, तारा आधीच ठोकून ठेवला होता.

थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर माझा प्रश्न अधांतरी राहील. अमेरिकेने 1804 मध्ये चांदीचा डॉलर ठोकणं थांबवलं. कारण साधं होतं. वेस्ट इंडीजमध्ये नवा अमेरिकन डॉलर आणि थोडा जास्त वजनाचा स्पॅनिश डॉलर एकास एक चालत. व्यापारी अमेरिकन डॉलर बाहेर न्यायचे, स्पॅनिश घेऊन यायचे, ते टाकसाळीत देऊन पुन्हा नवे अमेरिकन डॉलर ठोकून घ्यायचे आणि पुन्हा बाहेर. टाकसाळ राबायची आणि देशात डॉलर दिसायचा नाही. हे असं तीसेक वर्षं बंद राहिलं. 1835च्या जुलैत रॉबर्ट मॅस्केल पॅटरसन संचालक झाले, त्यांना डॉलर पुन्हा सुरू करायचा होता आणि नव्या चित्राने करायचा होता. चित्रकार थॉमस सली यांच्याकडून बसलेल्या लिबर्टीची चित्रं, टिशियन पील यांच्याकडून उडत्या गरुडाची. ऑगस्टच्या अखेरीस मुख्य कोरक्या विल्यम नीस यांना पक्षाघाताचा झटका आला. काम गोब्रेख्टच्या हाती पडलं.

1836च्या डिसेंबरात 1,000 डॉलर ठोकले गेले, 1837च्या मार्चमध्ये आणखी 600, तेही 1836 सालाच्याच साच्यावर. 1839 मध्ये 300. मध्ये 1838 सालचे थोडे नमुने.

आता प्रश्न. जड्ड यांची जी सूची आपण सगळे वापरतो, ती नमुन्यांची आणि चाचणी-ठोकांची आहे, आणि माझ्या डॉलरला तिच्यात 60 हा क्रमांक आहे. म्हणजे नमुना. पण नमुना असेल तर त्याची मांडी एवढी कशी झिजली? तुम्ही याला काय म्हणाल?

वाचनवेडी (पुणे)

अभिनंदन दादा! गुडघा झिजलेली लिबर्टी वाचूनच डोळ्यांसमोर आली.

मला नाण्यातलं फारसं कळत नाही. नमुना, चाचणी-ठोक, पुनर्ठोक हे सगळं एकच का? वेगळं असेल तर कुणीतरी समजावून सांगा, म्हणजे पुढचं वाचता येईल.

सराफकट्टा (कोल्हापूर)

ताई, हे मी सांगतो, कारण हे आमच्या दुकानात रोज घडतं.

हुपरीकडे चांदीचं काम करणारा कारागीर नवा ठसा घडवला की थेट चांदीवर मारत नाही. आधी शिशाच्या तुकड्यावर मारून बघतो. फूल नीट उठलं का, कडेला धातू पोचतो का, खोली कुठे जास्त झाली. तो शिशाचा तुकडा म्हणजे चाचणी-ठोक. तो साच्याची परीक्षा असतो. टाकसाळीत यासाठी तांबं, कथील, शिसं वापरायचे. तांब्यावर बारीक रेघ छान उठते, आणि चांदीचा कणन् कणाचा हिशोब द्यावा लागतो तो तांब्याला द्यावा लागत नाही.

नमुना म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा डाग. “असं करू का?” विचारायला केलेला. टाकसाळीचं गिऱ्हाईक म्हणजे संचालक, अर्थखातं, कधी खुद्द राष्ट्राध्यक्ष.

पुनर्ठोक म्हणजे जुना साचा कपाटातून काढून वर्षांनंतर त्याच्यावर पुन्हा मारलेला डाग. साचा खरा, धातू खरा, वेळ मात्र खरी नाही.

रुपेरीदादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्यात : ठोक कशासाठी मारला ते बघा, सूचीतला क्रमांक नंतर. हजार नग कुणी दाखवायला करत नाही.

रुपेरी

सराफकट्टा, अगदी! हेच मला हवं होतं. आणि कागदपत्रंही तुमच्याच बाजूची आहेत. टाकसाळीच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी दाखवून दिलंय की ते 1,000 डॉलर चलनासाठी ठोकले आणि चलनात गेले. सूची बनवणाऱ्यांनी पूर्वापार हे सगळे डॉलर नमुन्यांत धरले, कारण त्यांच्याच साच्यांवरून खरे नमुने आणि पुढचे पुनर्ठोकही निघाले. वेगळं करणं अवघड, म्हणून सगळे एका पेटीत.

वाचनवेडीताई, चाचणी-ठोकाचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगतो. 1794 सालचा, पहिल्यावहिल्या अमेरिकन डॉलरचा तांब्यातला ठोक. केस मोकळे सोडलेली लिबर्टी आहे, वर्ष आहे, पण तारे नाहीत. म्हणजे साचा पुरा व्हायच्या आधी, तारे उमटवण्यापूर्वी, कुणीतरी तो तांब्यावर मारून पाहिला. असा एकच तुकडा ज्ञात आहे. तो फिलाडेल्फियाच्या पहिल्या टाकसाळीच्या जागेवर जमिनीत सापडला, 1876च्या आधी कधीतरी. मातीत राहिल्यामुळे पृष्ठभाग खाल्लेला आहे, खडबडीत. 2021च्या एप्रिलमध्ये हेरिटेजच्या लिलावात तो 8,40,000 डॉलरला गेला.

त्याचं छायाचित्र मी कितीदा पाहिलं असेन. ते अर्धवट काम आहे. कोरक्या साच्यावरून हात काढून मागे सरकला आणि “आता बघू” म्हणाला, तो क्षण त्या तांब्यात आहे. पुऱ्या नाण्यात तो मिळत नाही.

सराफकट्टा

1794 निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण माझा जीव त्यात आहे.

त्या वर्षी 15 ऑक्टोबरला टाकसाळीने 1,758 डॉलर दिले, त्यापेक्षा थोडे जास्त ठोकले असतील, कमअस्सल उठलेले बाजूला काढले गेले. टाकसाळीतलं दाबयंत्र लहान नाण्यांसाठी होतं, एवढ्या मोठ्या चकतीला त्याचा जोर पुरेना. त्यामुळे बहुतेक नाण्यांवर डावीकडचे तारे आणि वर्षाचा भाग फिका असतो. दोष साच्याचा नव्हता, जोराचा होता. नवं मोठं यंत्र 1795 मध्ये आलं तेव्हा प्रश्न मिटला.

आणि चकत्यांचं वजन. कायद्याने 416 ग्रेन, म्हणजे 27 ग्रॅमला किंचित कमी. चकती जड भरली तर कानस मारून कमी करायचे. त्या कानशीच्या रेघा ठोकल्यावरही पुसल्या जात नाहीत, नाण्यावर तिरप्या ओळी दिसतात. संग्राहक नसलेल्याला वाटतं कुणीतरी ओरबाडलंय. हलकी भरली तर काय? मधोमध भोक पाडून चांदीची बारीक खुंटी बसवायचे, मग ठोकायचे, खुंटी चेपून सपाट व्हायची. 1795च्या काही डॉलरांवर ही खुंटी दिसते, आणि 1794चा एकच डॉलर असा माहीत आहे. 2013 मध्ये तोच 1 कोटी डॉलरच्या वर गेला. भिंगाखाली लिबर्टीच्या अंगावर एक फिका गोल दिसतो.

हे वाचलं तेव्हा मी दुकानात बसून एकटाच “वा रे वा” म्हणालो होतो. आमच्या आजोबांनी वजनात बसेना म्हणून बांगडीला असाच डाग लावलेला मी पाहिला आहे.

टाकसाळीची_सावली (मुंबई)

हा धागा सकाळपासून तीनदा वाचला.

माझे वडील मुंबईच्या टाकसाळीत नोकरीला होते, फोर्टात. लहानपणी आमच्या घरात ‘साचा’ हा शब्द भाजी-भाकरीसारखा वापरात होता. म्हणून पुनर्ठोकांबद्दल दोन शब्द.

फिलाडेल्फियात 1850च्या दशकाच्या अखेरीस, जेम्स रॉस स्नोडन संचालक असताना, जुने साचे बाहेर आले आणि गोब्रेख्ट डॉलर पुन्हा ठोकले गेले. काही वरच्यांच्या संमतीने, टाकसाळीच्या संग्रहात नसलेली नाणी संग्राहकांकडून बदल्यात मिळवायला. काही रात्रीच्या अंधारात, मागच्या दाराने. 1804 सालचा दुसऱ्या वर्गाचा म्हणतात तो डॉलर यातलाच. तो स्वित्झर्लंडच्या बर्न इथल्या 1857 सालच्या नेमबाजी स्पर्धेच्या चांदीच्या नाण्यावर ठोकलेला आहे, खालच्या नाण्याच्या खुणा अजून दिसतात. 1804 साल आणि खाली 1857! तो एकच उरलाय, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही मुंबई आणि कलकत्ता टाकसाळींनी ब्रिटिश काळातल्या नाण्यांचे पुनर्ठोक संग्राहकांना रीतसर करून दिले, थेट 1970 पर्यंत. त्यात लपवाछपवी नव्हती. पण आज बाजारात तेच पुनर्ठोक मूळ ठोकाच्या भावाने विकायला येतात.

मी माझ्या संग्रहात पुनर्ठोक ठेवत नाही. एकही नाही. माझ्या लेखी ते नाण्याचं छायाचित्र आहे, चांदीत काढलेलं.

रुपेरी

सावली, तुमचं म्हणणं मान्य आहे पण पूर्ण नाही. गोब्रेख्टमध्ये काही रूपं अशी आहेत जी फक्त पुनर्ठोकातच सापडतात. नाव बैठकीच्या पट्टीवर नसून खाली मोकळ्या जागेत, ठळक अक्षरांत असलेला 1836चा डॉलर घ्या, जड्ड 58. मूळ साचा 1836चाच. नाव एवढं ठळक पाहून वर्तमानपत्रांत टीका झाली, म्हणून गोब्रेख्टने ते पट्टीवर हलवलं. पण त्या पहिल्या साच्यावरचे जे चांदीचे तुकडे आज दिसतात ते बहुतेक अभ्यासक पुनर्ठोकच मानतात. मग गोब्रेख्टचा पहिला विचार बघायचा तर पुनर्ठोकाशिवाय मार्ग काय? मी तो विकत घेणार नाही (परवडणारही नाही), पण त्याला छायाचित्र म्हणून सोडून द्यायला मन होत नाही.

टाकसाळीची_सावली

साचा जपला गेला एवढं मान्य. पण मग तो पुनर्ठोक म्हणूनच विकावा, पाकिटावर तसं लिहून. माझं भांडण त्या तुकड्याशी नाही, त्याच्यावरच्या चिठ्ठीशी आहे.

रुपेरी

इथे आपण एक झालो.

नवखा_संग्राहक (नाशिक)

मी इथे नवीन. गेल्या महिन्यात मुंबईत रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून “1804 अमेरिकन डॉलर” आणि “1836 गरुडवाला” असे दोन घेतले, दोन्ही मिळून अठराशे रुपयांना. तो म्हणाला एका पारशी घरातून आलेत. धागा वाचून पोटात गोळा आला. काय बघू?

सराफकट्टा

घाबरू नका, शिकायची किंमत अठराशे म्हणजे जास्त नाही. मी पहिल्यांदा याहून जास्त मोजले होते.

एक, लोहचुंबक लावा. चांदी आणि तांबं दोन्ही चिकटत नाहीत. चिकटला तर विषय संपला.

दोन, साधा डिजिटल काटा, दोन दशांश दाखवणारा. खरा डॉलर 26.7 ते 27 ग्रॅमच्या आसपास, झिजलेला असेल तर थोडा कमी. वीस-बावीस आला तर चांदी नाही.

तीन, पाण्यातलं वजन. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवा आणि काट्याला किती कमी होतं ते बघा. हवेतलं वजन भागिले ती घट. 10.3च्या आसपास आलं तर नाण्याची चांदी. 8 ते 9 आलं तर तांबं, पितळ किंवा तसलं काहीतरी.

चार, कड बघा. 1836च्या मूळ गोब्रेख्टची कड साधी, गुळगुळीत असते. 1839ला कंगोरे आले. आपल्याकडे विकले जाणारे नकली तुकडे बहुधा सगळ्यांनाच कंगोरे पाडतात.

नवखा_संग्राहक

चुंबकाला दोन्ही चिकटले. टकन् आवाज आला.

तरी सांगतो, खाली बसून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की खरा कसा असायला हवा. धन्यवाद काका.

अटकेपार (सिंगापूर)

नवखा, हे दोन्ही तुकडे फेकू नका. पुढच्या वेळी हातात काही आलं की ताडून बघायला उपयोगी पडतील.

1804चा विषय निघाला म्हणून मुंबईकरांसाठी एक गोष्ट आणलीय. ही फार कमी लोकांना माहीत आहे.

1804 साल असलेला डॉलर 1804 मध्ये ठोकलाच नव्हता. त्या वर्षी टाकसाळीने 19,570 डॉलर दिले, पण त्यांच्यावर 1803 किंवा आधीची वर्षं होती. पुढे 1834च्या शेवटी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आशियातल्या राजांना भेट द्यायला नाण्यांचे संच हवे होते, प्रत्येक प्रकारचं एक नाणं. नोंदवहीत शेवटचे डॉलर 1804चे, म्हणून टाकसाळीने 1804 सालाचा साचा बनवून डॉलर ठोकले. आपल्या चर्चेच्या दृष्टीने बघा, ना नमुना, ना चलनी, फक्त नजराण्यासाठी मारलेला ठोक. या पहिल्या वर्गाचे 8 तुकडे ज्ञात आहेत.

एडमंड रॉबर्ट्स हा अमेरिकेचा राजदूत हे संच घेऊन ‘पीकॉक’ या युद्धनौकेवरून निघाला. 1835 मध्ये मस्कतच्या सुलतानाला एक संच दिला. त्याच्या थोडं आधी नौका ओमानजवळ खडकात रुतली होती, तळाला मार बसला होता. दुरुस्तीसाठी ती कुठे आली? मुंबईला. पावसाळा संपल्यावर ती आपल्या गोदीत होती. सयामच्या राजाचा संच अजून पोचवायचा होता, तो 1836च्या एप्रिलमध्ये दिला गेला. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या डॉलरांपैकी एक, पेटीत बंद, मुंबईच्या गोदीत काही आठवडे मुक्कामाला होता. रॉबर्ट्स त्याच वर्षी जूनमध्ये मकावला वारला, पुढचे संच पोचलेच नाहीत. सयामचा संच 1962 मध्ये लंडनमध्ये प्रकटला.

मी जेव्हा जेव्हा मुंबईला येतो तेव्हा बॅलार्ड पिअरकडून लायन गेटकडे चालत जातो आणि हे आठवतं.

टाकसाळीची_सावली

अहो! पन्नास वर्षं मी त्या रस्त्याने येतोय-जातोय. कुणी सांगितलं नव्हतं.

अटकेपार

सावलीकाका, आता तुमच्यासाठी. मुंबईच्या टाकसाळीने खुद्द चांदीचे डॉलर ठोकले आहेत हे वाचनवेडीताईंना आणि नवख्यांना सांगायला हवं. 1895 पासूनचा ब्रिटिश ट्रेड डॉलर. चीन, हाँगकाँग, इथला सिंगापूर-पिनांगचा भाग, सगळीकडे चाललेला. उभी ब्रिटानिया, हातात त्रिशूळ, मागे शिडांचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि जावी (मलय भाषेची अरबी वळणाची) लिपीत ‘एक डॉलर’. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंगाने बघा, बारीक इंग्रजी ‘बी’ दिसेल. ती मुंबई. 1903चा स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा, म्हणजे इथल्या ब्रिटिश वसाहतींचा डॉलरही मुंबईतच ठोकला, त्यावरही ‘बी’ आहे.

इथल्या जुन्या बाजारात हा डॉलर मी दुकानदाराला “माझ्या गावचा आहे” म्हणून दाखवतो.

टाकसाळीची_सावली

वडिलांकडे एक होता, 1897चा. त्यावर चिनी सराफांचे ठोके होते, खरी चांदी आहे हे तपासून मारलेले. आई म्हणायची खराब नाणं. वडील म्हणायचे, जितके ठोके तितके हात.

एक सूचना सगळ्यांना : शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारतातून बाहेर न्यायला 1972च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. परदेशातल्या मंडळींनी सुट्टीला आल्यावर हौसेने बॅगेत टाकू नये.

वाचनवेडी

एवढं सगळं वाचल्यावर माझा एक भाबडा प्रश्न. चांदी नुसती चांदीच असायची का नमुन्यांत? दुसरं काही करून पाहिलं नाही कुणी?

रुपेरी

भाबडा नाही, मोठा प्रश्न आहे. 1878 मध्ये व्हीलर हबेल यांनी ‘गोलॉइड’ नावाच्या मिश्रधातूचा डॉलर सुचवला. सोन्याला चोवीस पट चांदी आणि वर थोडं तांबं. त्या नमुन्यावर चित्रापेक्षा हिशोबच जास्त आहे : ‘गोलॉइड, 1 जी., 24 एस., .9 फाइन, 258 ग्रेन’. सोनं आणि चांदी एकाच नाण्यात बसवून सोन्यावाल्यांचं आणि चांदीवाल्यांचं भांडण मिटवायचं, असा विचार. अडचण अशी की डोळ्यांनी बघून हे नाणं आणि साधं चांदीचं नाणं यात फरकच कळत नाही. कुणीही सोनं वगळून तेच चित्र ठोकलं असतं. प्रस्ताव तिथेच संपला, नमुने उरले.

त्याच वर्षी मॉर्गन डॉलर आला. जॉर्ज मॉर्गन इंग्लंडहून 1876 मध्ये आला, 1877 मध्ये त्याने अर्ध्या डॉलरचे नमुने केले, आणि तेच चित्र पुढच्या वर्षी डॉलरवर बसलं. त्याचा वरिष्ठ विल्यम बार्बर, त्यानेही डॉलरचा नमुना दिला होता, तो नाकारला गेला. मी मॉर्गन डॉलर इतकी वर्षं जमवले, पण त्यांचं मूळ एका अर्ध्या डॉलरच्या नमुन्यात आहे हे मला जमवायला लागल्यावर सहाव्या-सातव्या वर्षी कळलं. तिथूनच नमुन्यांचा नाद लागला.

सराफकट्टा

रुपेरीदादा, आता मूळ प्रश्नावर या. तुमच्या डॉलरची साच्यांची जुळणी बघितलीत का?

रुपेरी

बघितली. सावकाश लिहितो, कारण ज्यांच्याकडे कधी गोब्रेख्ट येईल त्यांना उपयोग होईल.

आधी हे करून बघा. आपला एक रुपया घ्या, सिंह समोर, सरळ धरा. आता पुस्तकाचं पान उलटतो तसा फिरवा. मागची बाजूही सरळ दिसेल. ही पदकाची जुळणी. अमेरिकन नाणं असं फिरवलं तर मागची बाजू उलटी दिसते, ते खालून वर, कॅलेंडरसारखं उलटायचं. ही नाण्याची जुळणी.

गोब्रेख्टमध्ये दोन्ही सापडतात. वर आणखी एक भानगड : मागच्या बाजूचा गरुड कधी वर झेपावताना दिसतो, कधी आडवा सपाट उडताना, कारण मागचा साचा थोडासा फिरलेला असतो. ‘वन डॉलर’ ही अक्षरं तळाशी मधोमध समतोल असतील तर गरुड वर झेपावतो. अक्षरं एका बाजूला कललेली असतील तर तो आडवा. दोन गुणिले दोन, चार जुळण्या. नाण्याची आणि वर झेपावणारा, ती पहिली. पदकाची आणि वर झेपावणारा, दुसरी. नाण्याची आणि आडवा, तिसरी. पदकाची आणि आडवा, चौथी.

बरीच वर्षं समज असा होता की पहिली म्हणजे 1836चा डिसेंबर, दुसरी म्हणजे 1837चा मार्च, आणि तिसरी-चौथी बहुतेक पुनर्ठोक. ऐकायला छान सुटसुटीत. अलीकडच्या अभ्यासकांनी एकेक नाणं शेजारी ठेवून साच्यावरचे ओरखडे, गंज, तडे क्रमाने लावले, तेव्हा दिसलं की ठोकता ठोकता साचा सैल होऊन फिरायचा. म्हणून नुसत्या जुळणीवरून निकाल देता येत नाही. साचा त्या घडीला किती म्हातारा झाला होता ते बघावं लागतं. तरुण साच्यावरचा ठोक आधीचा, तडे गेलेल्या साच्यावरचा नंतरचा.

वजनावरून काही कळेल असं मला वाटलं होतं. डिसेंबरच्या डॉलरांचं वजन 416 ग्रेन. 1837च्या जानेवारीत कायदा बदलला, मार्चचे 412.5 ग्रेनचे. फरक साधारण पाव ग्रॅमचा. माझा भरला 26.58 ग्रॅम. म्हणजे दोन्हीपेक्षा कमी. मांडी आणि गुडघा किती चांदी घेऊन गेले ते कोण सांगणार? काट्याने हात टेकले.

मग दहापट भिंग, टेबलावरचा दिवा तिरपा करून. जुळणी पहिली, गरुड वर झेपावणारा, अक्षरं मधोमध. मागच्या बाजूला अक्षरांच्या माथ्यावरून एकही तडा नाही. सगळीकडे झीज आहे, पण ती लोकांच्या बोटांची, साच्याची नाही. बोटांची झीज उंचावरच्या भागावर असते : गुडघा, मांडी, गरुडाची छाती. साचा झिजला तर अक्षरांच्या कडा पसरट, मऊ होतात. माझ्या ‘ए’चे कोपरे अजून टोकदार आहेत.

माझं मत : डिसेंबर 1836, चलनासाठी ठोकलेला आणि चलनात गेलेला.

टाकसाळीची_सावली

मान्य. वडील असते तर त्यांनीही हेच आधी पाहिलं असतं, अक्षरांचे कोपरे.

सराफकट्टा

डोळे मिटून मान्य. दादा, त्या पट्टीवरच्या नावाचा जवळून फोटो टाका ना, कारागिराला दाखवतो. स्वतःचं नाव चांदीच्या डागावर कोरायची त्याला फार इच्छा आहे.

वाचनवेडी

मला एवढंच विचारायचंय, त्या गोब्रेख्टचं पुढे काय झालं?

रुपेरी

1840 मध्ये नीस वारले, त्या वर्षी डिसेंबरात गोब्रेख्ट मुख्य कोरक्या झाला. 1844 मध्ये तोही गेला. त्याची बसलेली लिबर्टी मात्र डाइम (दहा सेंट), पाव आणि अर्ध्या डॉलरवर 1891 पर्यंत राहिली. गरुडाला डॉलरवरून 1840 मध्येच काढलं, जागी जुना ढालवाला आला. 1856 मध्ये तोच उडता गरुड एका सेंटवर परतला.

सराफकट्टा, फोटो टाकतो. आणि एक सांगायचं राहिलं. काल लेकीला घेऊन फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत गेलो होतो. तिथे काचेच्या पेटीत पीटर नावाचा गरुड पेंढा भरून ठेवलाय. 1830च्या दशकात तो टाकसाळीतच राहायचा, यंत्रात पंख सापडून मेला, आणि गोब्रेख्टच्या डॉलरवरचा गरुड त्याच्यावरून घेतला अशी तिथली आख्यायिका आहे. डॉलर बरोबर नेला नव्हता, पण मोठा केलेला फोटो होता. लेक काचेला नाक लावून बराच वेळ फोटो आणि पीटर, पीटर आणि फोटो बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, याची चोच नाण्यावर जास्त वाकडी आहे.”

रात्री भिंग काढून पुन्हा पाहिलं. आहे.